सासूबाईंचं विरजण

३ मार्च
ही आठवडाभर बहिणीकडे गेली. एकच काम सांगून गेली: रोज रात्री कोमट दुधात विरजण लावायचं. विरजण म्हणजे सासूबाईंचं. त्या गेल्या, पण त्यांचं विरजण हिने आजवर मोडू दिलेलं नाही. म्हटलं, एवढंच ना? डाव्या हातचा मळ.

४ मार्च
ऑफिसात एक लेख वाचला. चांगले जिवाणू मासळी टिकवतात! आंबटपणा तयार करतात, त्यात वाईट जिवाणूंची डाळ शिजत नाही. ही आली की आठवडाभर टिकवलेला ताजा मासा तिच्या ताटात. मग फ्रिज विकायचा.
विरजण लावायचं राहिलं. उद्या नक्की.

५ मार्च
तीन बांगडे आणले. मासळीवाली म्हणाली, आजच खाऊन टाका. तिला विज्ञान समजावलं. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.
चांगले जिवाणू आणायचे कुठून? काखेत कळसा! दही उरलं होतं थोडंसंच. अर्धं घेणार होतो, पण चांगल्यांचं बहुमत हवं. सगळं ओतलं. मीठ, साखर, बरणी, झाकण. सासूबाईंना आनंदच झाला असता.

६ मार्च
हिचा फोन. विरजण लावतोस ना, म्हणाली. म्हटलं, काम जोरात चालू आहे. हे काही खोटं नव्हे. अपराधी वगैरे वाटत नाही. जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

७ मार्च
बरणीत बुडबुडे. उत्तम! शेजारच्या काकूंनी विचारलं, गटार तुंबलंय का. हो म्हणालो.

८ मार्च
वास. लेख पुन्हा काढला. शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय: जिवाणू खास निवडलेले हवेत, आणि मासळी थंडच ठेवायची. म्हणजे फ्रिजमध्ये. उत्साहावर विरजण पडलं म्हणावं, तर घरात तेही उरलेलं नाही.
यापुढे लेख शेवटपर्यंत वाचायचे.

९ मार्च
बरणी फेकायला गेलो. कचरापेटीपाशी लक्षात आलं, सासूबाईंचं जे काही अजून जिवंत आहे, ते या बरणीतच आहे. परत घेऊन आलो.
दह्यावरची साय त्या कायम मला वाढायच्या. साय जावईबापूंना, म्हणायच्या. फार वाईट वाटतंय.
दुकानातून दही आणून हिच्या भांड्यात ओतलं. आणखी वाईट वाटलं.

१० मार्च, रात्र
बरणीतलं चमचाभर पाणी कोमट दुधात घातलं. सासूबाई, सांभाळून घ्या.

११ मार्च, सकाळ
लागलं! घट्ट दही. फक्त बांगड्याचा वास आहे. संध्याकाळी ही येणार. दुकानातलंच पुढे करायचं. ठरलं.

११ मार्च, रात्र
हिने दुकानातलं जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, हे आईचं नाही. मी दुसरं भांडं पुढे केलं, सगळं सांगून टाकलं. हिचे डोळे भरले. मग त्यातलंच चमचाभर नव्या दुधात घातलं. म्हणाली, रोज असं लावत गेलं की जाईल वास. आणि आईचं आहे, उरलेलं टाकायचं नाही.

१२ मार्च
उरलेलं म्हणजे मी खायचं, असा अर्थ निघाला. हिने वाटी समोर ठेवली. वरची सगळी साय त्यात घातली. साय जावईबापूंना, म्हणाली.
वास सायीलाच जास्त आहे.
खाल्ली.