घोडी दोनदा रिकामी परतली

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती आहे. वहिनीला मुद्दामच फोन केला नाही. तिला मधे घातलं की ती तुझीही समजूत काढते, माझीही काढते आणि शेवटी एकटीच रडत बसते. म्हणून थेट तुलाच लिहितेय. उभ्याउभ्या वाचू नकोस, जरा टेक.

गुडघा कसा आहे? माझा घोडेस्वारीचा वर्ग बरा चाललाय. नव्या मुलींमध्ये एक इतकी बडबडी आहे की तिचं ऐकताऐकता घोडं चालायचंच विसरतं. बाबा असते तर म्हणाले असते, "ही घोड्याच्या पाठीवर बसलीय की डोक्यावर?"

बाबांच्या मागे आपली वाटणी एका चहात उरकली, आठवतं? पागा आणि घोडा तुझा, घोडी माझी. ज्याला जे हवं तेच मिळालं, भांडायला जागाच नव्हती. तो घोडा तुझ्याखेरीज कुणाचा होणार होता? लहान असताना पोटदुखीने लोळायला लागला, तेव्हा त्याला धरून तू अंगणात फेऱ्या मारत राहिलास आणि तुझा परीक्षेचा पेपर बुडाला. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "पेपर पुन्हा देता येईल."

म्हणून घोडी फळवून शिंगरू घ्यायचं ठरलं तेव्हा मी दुसऱ्या दारी गेलेच नाही. तू करार पुढे सरकवलास, तेव्हा मला हसूच फुटलं. तू मात्र हसला नाहीस. "धंद्यात बहीण-भाऊ नाही. फी आधी. शिंगरू जिवंत जन्मून पायावर उभं राहिलं नाही, तर पुढच्या हंगामात एकदा फुकट, ही माझी हमी." मी सही केली. मनातून तुझं कौतुकच वाटलं. बाबांना हिशोबाचा कंटाळा होता आणि पागेचं छप्पर गळत होतं.

पहिल्या हंगामात घोडी गाभण राहिली नाही. असं होतं कधीकधी. शब्दाला जागून तू तिला पुन्हा ठेवून घेतलंस, हवेशीर कप्पा दिलास, तिचा माज स्वतः बघत राहिलास. तू कसूर केलीस असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. तरी सोनोग्राफीच्या पडद्यावर काही दिसलं नाही. तिला न्यायला आले तेव्हा फाटकापाशी मी एवढंच म्हटलं, "दादा, एकदा घोड्यालाही तपासून घ्यायचं का?"

तुझा चेहरा आधी उतरला, मग तापला. "माझ्या घोड्यात खोट काढतेस? त्याची शिंगरं मुलूखभर पळतायत! तुझी घोडी वांझ आहे, ते मान्य कर. हमी एकदाच होती, संपली." घोड्याची निगा राखणारे मोतद्दारकाका बादली घेऊन तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली. फीचा मी चकार शब्द काढला नव्हता, दादा. तू ते घोडीबद्दल बोललास, हे कळतं मला. पण आमच्या घरात आम्ही नवराबायको तो शब्द किती वर्षं टाळत आलोय, हे तुला ठाऊक होतं. गाडीत घोडी मी एकटीने चढवली आणि दाराची कडी लावायलाही तू पुढे आला नाहीस.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी घोडी नीट तपासली. तिच्यात दोष निघाला नाही. पुष्कळ दिवस मनात घोळवून शेवटी मी तिला नदीपलीकडच्या पागेतल्या घोड्याकडे नेलं. तुझ्या कानावर घालायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. मधल्या काळात बेकरीवाल्याची घोडी तुझ्याकडून रिकामी आली, मास्तरांचीही आली. दोघं कुजबुजायला लागले तेव्हा "आपापल्या घोडीचं वय बघा आधी" म्हणून मीच त्यांना गप्प केलं.

काल घोडी व्याली. घोड्या रात्री गुपचूप वितात म्हणतात, हिने भर दुपारी मुलींसमोर कार्यक्रम उरकला. तांबूस शिंगरी आहे, पाय नुसते काटक्यांसारखे. उठली, तोंडावर आपटली, पुन्हा उठली आणि आईला लुचायला लागली. सवयीने मी मागे वळून ओरडले, "दादा, उभी राहिली बघ!" मागे कुणीच नव्हतं. तेव्हा लख्ख कळलं, की ज्यामुळे मला आभाळ ठेंगणं झालं, त्यानेच तुझ्या पायाखालची जमीन सरकणार आहे. चार दिवसांत बाजारात बोभाटा होईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. हंगाम तोंडावर आलाय. घोडा तपासल्याशिवाय कुणाची फी घेऊ नकोस, कुणाला हमी देऊ नकोस. दोष निघाला तर तो त्याच्या वयाचा, तुझा नाही. माझी फी मला नको, तो विषयही काढू नकोस. तपासणीचा दिवस तेवढा कळव, मी येते. तू घोड्याला धर, डॉक्टरांशी मी बोलेन.

तुझीच,
धाकटी