धाकटीची पाहणी

आई, धाकटी अजून आहे. तू जाताना तिला माझ्या हवाली करून गेलीस, तेव्हापासून तिचं सगळं मीच करते. आज सकाळी अंग पुसताना तिच्या गुडघ्यांमधे फडकं जाईना, तर मी तिच्यावरच चिडले. तिचा काय दोष? मीही साठी ओलांडली, उचलताना कंबर धरते, आणि माझ्यामागं हिचं काय हा विचार आला की हातातलं काम थांबतं. मग बसले तुला लिहायला. तुला वाचता येत नव्हतं, आता तर तू नाहीसच. पण पोटात ठेवलेलं मला पचत नाही, तुला ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मंद्रूप सोडून आपण सोलापुरात आलो, गिरणीजवळच्या त्या एका खोलीत. अण्णा गिरणीत. तू मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायचीस आणि धाकटी तुझ्या पाठीशी वाकळेवर पडलेली. चार वर्षांची झाली तरी बसत नव्हती, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. दवाखान्यात सांगितलं, एका संस्थेच्या बाई घरी येऊन व्यायामानं अशा मुलांचे पाय मोकळे करतात, आईलाही शिकवतात. पण हाडं कोवळी आहेत तोवरच, नंतर ही कधी बसायची नाही. सगळ्या शहराला त्या एकच बाई, म्हणून यादी. आधी कुणाचं घर हे ठरवायला संस्थेच्या दुसऱ्या बाई पाहणी करत फिरायच्या.

पाहणीचं कळलं आणि तू कामाला लागलीस. "पोरीला बगाय येनार हायती. गबाळं दिसाय नगं." तुझ्या लेखी पाहणी म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम, खोड असेल ती झाकायची, गुण असेल तो पुढं करायचा. मुताच्या वाकळा शेजारणीच्या परसात नेऊन टाकल्यास. धाकटीला न्हाऊ घातलंस, दिवाळीचा फ्रॉक, काजळ, दोन वेण्या. भिंतीशी टेकवून दोन्ही बाजूंनी गोधड्या खोचल्यास आणि पायांवर तुझं ठेवणीतलं लुगडं पसरलंस. बसलेली पोर दिसत होती ती. मला हसू आलं तर तू चिमटा काढलास.

पाहणीच्या बाई दमून आल्या होत्या, अजून बरीच घरं करायची होती त्यांना. "पाय बघू जरा," म्हणाल्या. तू लुगडं वीतभर उचललंस आणि लगेच सोडलंस. "लई गुनाची हाय, बाई. रडत न्हाय, मागत न्हाय. कायबी तरास न्हाय की." मग तू चहा टाकायला वळलीस आणि त्यांनी मला विचारलं, "हिला भरवतं कोण? उचलतं कोण?" मी अकरा वर्षांची. म्हणाले, "मीच. आंघोळ घालते, भरवते, शाळा सुटली की फिरवून आणते. मला सगळं जमतं." खरं म्हणजे तेव्हा तुझ्याशिवाय तिला कुणी हात लावत नव्हतं. बाईंनी माझी पाठ थोपटली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मग आपण वाट बघतोय. दारावरून सायकल गेली की दोघीही माना वर करतो. संस्थेत विचारायला गेलं की एकच उत्तर, "नाव आहे यादीत. बाई येतील." तू रोज धाकटीच्या गुडघ्यांमधे हात घालून बघायचीस. आधी मूठ मावायची. मग नुसता तळहात. मग दोन बोटं. तू हात काढून घ्यायचीस आणि पुन्हा विडीचं पान उचलायचीस. पुढं तिच्या पाठीला जखम झाली. उन्हाळ्यात त्या जखमेचा वास खोलीभर राहायचा, आणि अण्णा ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवायला बसू लागले.

व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा मी आठवीत होते. त्यांनी धाकटीचा पाय धरला, हळूच ओढून पाहिला आणि परत होता तसा ठेवला. "आता हे सुटायचं नाही," त्या म्हणाल्या. "फार आधी यायला हवं होतं मी." तू विचारलंस, "मग का न्हाय आला तुमी?" "मला कागद मिळतो तेव्हा मी येते हो," म्हणत त्या मोरीत हात धुवायला गेल्या. तो पाहणीचा कागद वाकळेवरच राहिला. तू मला म्हणालीस, "वाच की, काय लिवलंय?"

मी वाचलं आणि म्हणाले, "यादी लांब होती, एवढंच आहे." तू मान हलवलीस. पुढं मरेपर्यंत वशिलेवाल्यांच्या नावानं बोटं मोडलीस, आणि मी मोडू दिली.

लिहिलं होतं ते असं: 'मूल नीटनेटके. त्रास नाही. मोठी बहीण सर्व करते, फार हुशार व जबाबदार मुलगी. घाई नाही.' आई, तू मोडून पडली असतीस म्हणून मी खोटं बोलले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. तेही थोडं खरं आहे. पण हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा लिहून टाकते. त्या शेवटच्या दोन शब्दांवर नजर जायच्या आधी, धाकटी समोर तशी पडलेली असताना, माझ्याबद्दलचं वाचून मला बरं वाटलं होतं.