चार विलायती बांगड्यांचा खुलासा

मामा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की जुन्नरच्या कचेरीत तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता मी सोडून कुणी उरलेलं नाही. मी कोण हे तुम्हाला सांगायची खरं तर गरज नाही. पण हाडाचा कारकून झालोय, अर्ज म्हटला की आधी अर्जदार कोण ते लिहिल्याशिवाय पुढं हात चालत नाही. तर मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तुम्हीच मामलेदारांपुढं उभा करून नोकरीला लावलेला, तुमच्याच घरी जेवून तुमच्याच हाताखाली सहा वर्षं कागद खरडलेला. प्रदर्शन भरलं तेव्हा मी काही पोरसवदा नव्हतो. लग्न झालेलं होतं, पदरी एक मुलगी होती, आणि अंगात भरपूर मस्ती होती. हे सगळं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वयावर ढकलायची सोय राहायला नको.

त्या साली शाळेच्या पटांगणात शेतकी आणि कारागिरीचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. विलायती काचेच्या बांगड्या बाजारात नुकत्या मिरवायला लागल्या होत्या. आपल्या कारागिरांनी त्या जवळून बघाव्यात, कुणाला जमलं तर तशा करून पाहाव्यात, असं कमिटीच्या मनात आलं. ओतूरचे शेटजी कमिटीवर होते. त्यांच्या ओळखीनं मुंबईची एक पेढी बारा डझन बांगड्यांची पेटी द्यायला तयार झाली. पेटी बोटीतून उतरायची होती आणि बंदरावर तिला जकात पडणार होती. तुम्ही तीन दिवस जुनी परिपत्रकं चाळलीत आणि शोधून काढलंत, की माल विकायला नसेल, नुसता दाखवून जसाच्या तसा परत जाणार असेल, तर जकात माफ होते. तुम्हाला कागदाचं वेडच होतं मामा. लोक जेवणात रमतात, गाण्यात रमतात, तुम्ही अर्जात रमायचात. अर्ज, तीन प्रतींत यादी, हमीपत्र, त्यावर मामलेदारांचा शेरा. तीनदा तो कागद मुंबईहून परत आला, काही ना काही खोट काढून, आणि तीनदा तुम्ही तो हसतमुखानं पुन्हा लिहिलात. यादीत एकेका बांगडीचा रंग, माप, नक्षी. हमी द्यायला कमिटीतलं कुणी पुढं येईना, तेव्हा तिथं सही तुम्ही केलीत. मी म्हणालो, "मामा, दुसऱ्याच्या मालासाठी तुम्ही कशाला गळ्यात घेता?" तुम्ही म्हणालात, "मी लिहिलेला कागद आहे. माझा माझ्यावर भरवसा नसेल तर सरकारनं तरी का ठेवावा?"

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी कलेक्टरसाहेब यायचे होते. मामलेदारांबरोबर तुम्ही त्यांना आणायला नारायणगावच्या रस्त्याला निघालात. निघताना मला बांगड्यांच्या टेबलामागं बसवलंत आणि अटी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्यात. विकायची नाही, द्यायची नाही, वापरायची नाही, मोजून आली तशी मोजून गेली पाहिजे. एकदा वाचलं, तुम्ही म्हणालात पुन्हा वाच. पुन्हा वाचलं, तुम्ही म्हणालात आणखी एकदा. मला राग आला. मी काय शाळेतला पोर आहे का, असं मनात म्हणत तिसऱ्यांदा घडाघडा वाचून दाखवलं. तुम्ही मान हलवलीत आणि टांग्यात बसलात.

दुपार अजून व्हायची आहे. गावातला कासार टेबलापुढं उभा राहून बांगडी उजेडात धरून बघतोय, कारण तुम्हीच त्याला नोटीस पाठवून बोलावलंय, आणि त्यापायी त्याचं दुकान बंद आहे. तेवढ्यात गर्दीतून दोन बायका येतात, सासू आणि सून. आंबेगावच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या. लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या आणि उतरताना सून पायऱ्यांवरून घसरली. दोन्ही हातांतल्या बांगड्या गेल्या, मनगटाला काच लागून रक्त आलेलं, पदरानं हात झाकून ती उभी. सासूचा तर जीव ठिकाणावर नव्हता.

"दादा, कासार हितं हाय म्हनं," म्हातारी म्हणाली. "पोरीला पाचवा म्हैना लागलाय. दोनी हात भुंडं झालं. देवाच्या पायरीवर झालं वो, मला लई भ्या वाटतंय."

कासार भला माणूस. म्हणाला, "आई, घाबरू नगा. बसा हितं. मी दुकान उघडतो, घिऊन येतो चार, ह्यो गेलो न् ह्यो आलो."

"आन् तवर तिनं भुंड्या हातानं बसायचं व्हय, येवढ्या लोकांत?"

इथं मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? कासाराचं दुकान काही पुण्याला नव्हतं. अर्ध्या घटकेचा प्रश्न होता. पण भोवती माणसं जमली होती, ती पोरगी खाली मान घालून रडत होती, आणि मला तिची दया आली हे खरं. दया आली हे मी नाकारत नाही. पण तेवढंच नव्हतं. सगळ्यांच्या देखत पेटीत हात घालायचा अधिकार आपल्याला आहे, हे दाखवायची मला खुमखुमी आली. मी हिरव्या, सोनेरी वेलीच्या चार बांगड्या उचलल्या आणि कासारापुढं धरल्या.

तो मागं सरकला. "रावसाहेब, ह्या सरकारी हायेत न्हवं?"

"इथं सरकार मीच आहे," मी म्हणालो. "भर."

मामा, हे वाक्य लिहिताना आजही माझे कान तापतात.

त्यानं भरल्या. दोन ह्या हातात, दोन त्या हातात, जखमेला जपून, हात दाबत दाबत. माप जरा लहानच होतं, त्या चढल्या त्या घट्ट बसल्या. रीतीप्रमाणं पोरीनं कासाराला वाकून नमस्कार केला आणि मग मलाही केला. म्हातारीनं माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी तर काय, ढगातच. सवाष्णीच्या हातात भरलेली बांगडी कुणी मागून घेत नाही, हे तान्ह्या पोरालाही कळतं. मला ते कळलं त्या दोघी कडुनिंबाखाली भाकरी सोडून बसल्यावर, आणि तुमचा टांगा फाटकातून आत येताना दिसल्यावर. मग मात्र पाचावर धारण बसली.

तुम्ही साहेबांना टेबल दाखवलंत, साहेब पुढं गेले, आणि तुमची नजर पेटीतल्या रिकाम्या जागेवर आली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी झाडाकडं पाहिलं. एवढ्यावर तुम्हाला सगळं उमगलं. तुम्ही तिकडं चालत गेलात. मला वाटलं, आता हे मागणार, आणि माझी सुटका होणार. होय, मला तेव्हा तेच हवं होतं. तुम्ही त्या पोरीच्या हातांकडं पाहिलंत, सासूला गाव विचारलंत आणि म्हणालात, "ऊन उतरल्यावर निघा. घाटात हिला सांभाळून न्या." परत येऊन तुम्ही यादी काढलीत, त्या चार ओळींवर रेघ मारलीत आणि शेजारी तुमची सही केलीत.

शेटजींना कळलं तेव्हा ते हसले. "चार बांगड्यांसाठी कसली काळजी करताय? अगदी अशाच मी दोन दिवसांत आणवतो. पेटीत ठेवा, लाख लावा, कोण बघतंय?" तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "शेटजी, कागदात त्याच बांगड्या आहेत. दुसऱ्या ठेवल्या तर माझी सही खोटी होईल." शेटजींना ते काही पटलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही नाही. मी मनात म्हणालो, मामांचा हेका.

तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी मामींच्या स्वयंपाकघरात आपण दोघं पाटावर बसलो होतो. मामी चुलीपुढं, पाठ आपल्याकडं. तुम्ही आमटीचा भुरका घेतलात आणि ताटातून नजर न उचलता विचारलंत, "अट वाचली होतीस ना?"

"हो."

"बरं," तुम्ही म्हणालात. मामींना म्हणालात, "त्याला भात वाढ."

तेवढीच काय ती तुमची बोलणी. त्यापेक्षा तुम्ही दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्यात तर मी जन्मभर सुखानं झोपलो असतो. मुंबईहून कागद आला. चार नग कमी, जकातमाफीचा माल वाटून टाकला, हमी देणाऱ्यानं खुलासा करावा. खुलासा तुम्ही घरी बसून लिहिलात आणि नक्कल करायला माझ्याकडंच दिलात, कारण नकला मीच करत असे. त्यात लिहिलं होतं, की टेबलावरच्या कारकुनाला अटी समजावून सांगायचं माझ्याकडून राहून गेलं, त्याला काही ठाऊक नव्हतं, सबब दोष सर्वस्वी माझा.

चार बांगड्यांच्या बाबतीत खोटी सही करायला तयार नसलेला माणूस, मामा, माझ्या बाबतीत अख्खा खोटा कागद लिहून मोकळा झाला. आणि मी काय केलं? मी त्याची स्वच्छ, सुवाच्य नक्कल केली. तुम्ही समोर बसला होतात. एक शब्द बोललो असतो, "मामा, हे खरं नाही," एवढाच. त्याऐवजी शाई वाळवायला वाळू टाकली आणि कागद तुमच्या हातात दिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही ते भोगलंत. तुमचं अव्वल कारकुनाचं पद काढून घेतलं आणि आंबेगाव पेठ्याच्या, म्हणजे पोटतालुक्याच्या, कचेरीत साधा कारकून म्हणून तुम्हाला पाठवलं, ज्या कचेरीला तुम्ही जुन्नरहून चुका काढून कागद परत करत होतात तिथंच. मामींनी तुळशीचं रोप टोपलीत घालून नेलं. मी बैलगाडीच्या मागं वेशीपर्यंत आलो. तिथं तुम्ही दोन पावसाळे काढलेत आणि तापानं गेलात. त्या दोन वर्षांत मी एकदाच आलो. तुम्ही माझ्या कामाचं विचारलंत, लेकीचं विचारलंत. वाटलं, आज बोलावं. पण मामींनी चहा आणला आणि मी पावसाबद्दल काहीतरी बोलत बसलो. तिकडं आठवड्याच्या बाजारात ती डोंगरातली सून पोराला कडेवर घेऊन तुम्हाला भेटून गेली, हेही मला मामींकडूनच नंतर कळलं. तुमची खुर्ची काही वर्षांनी मला मिळाली. नोकरीच्या चोपडीत माझ्या नावावर एकही डाग नव्हता ना.

परवा मी त्या खुर्चीवरून उठलो, मामा. नोकरी संपली. कचेरीत हार घातला, चहा झाला, चार शब्द बोला म्हणाले. मी तुमच्याबद्दल बोललो. बांगड्यांची हकिगत सांगितली, तुमचा करारीपणा सांगितला, त्या पोरीकडून तुम्ही बांगड्या मागून घेतल्या नाहीत ते सांगितलं. दोघातिघांनी डोळे पुसले. हे पत्र घालायला टपालाची पेटी नाही हे मला कळतं. लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन. पण त्या दिवशीचं एक राहिलं. माझं बोलणं संपल्यावर एका नव्या कारकुनानं उभं राहून आदबीनं विचारलं, "म्हणजे साहेब, तुम्हाला अट कुणी सांगितलीच नव्हती?"

आता तुम्ही नाही, मामी नाहीत, नोकरीसुद्धा नाही. खरं बोलायला मला कुणाची भीती उरली नव्हती.

मी म्हणालो, "नाही. कुणीच नाही."