उन्मेषच्या नावानंतर

मयूर विहार, दिल्ली

प्रिय हेमांगी,

फोन करत नाही. केला तर तू 'ताई, वर्गावर आहे' म्हणशील. व्हॉट्सॲप केलं तर हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी होशील. ते चित्र ज्यानं शोधून काढलं त्याला एकदा माझ्यासमोर उभं करायला हवं. रागावलेल्या बाईचं पत्र मात्र माणूस फाडण्याआधी एकदा तरी वाचतोच, हा माझा मंत्रालयातल्या नोकरीतला अनुभव आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे.

राग कशाचा, ते आधी ऐक. आपल्या पलटणीचा मेळावा यंदा करोल बागेतल्या बँक्वेट हॉलमध्ये आहे. हो, जिथे लग्नं लागतात तिथेच. आजवरचा मेळावा तुला ठाऊक आहे. आमच्या सोसायटीमागचं मैदान, एक कनात, मोठ्या पातेल्यांत डाळ, भात, मटण आणि शेवटी हलवा. फौजेच्या बड्याखान्याच्या रिवाजाप्रमाणे साहेब लोकांनी हातात पळी घ्यायची आणि जवानांना वाढायचं. यंदा पनीर टिक्का आहे आणि तो टाय लावलेली मुलं वाढणार आहेत. दारात फोटो काढायला पुठ्ठ्याचा डोंगर उभा करणार आहेत. मी नव्या सेक्रेटरीला, त्या सुधन्वाला, विचारलं, बाबा रे, जे खऱ्या डोंगरावर चढले आणि ज्यांची माणसं तिथून परत आली नाहीत, ते तुझ्या पुठ्ठ्यापुढे दात काढून उभे राहणार का? तर म्हणतो, मॅडम, नई जनरेशन को कनेक्ट करना है. कारगिलची लढाई झाली तेव्हा हा शाळेत पाढे म्हणत होता. राग आला की दहा आकडे मोजावेत असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला सांगायच्या. मी तीनपर्यंत पोचले.

त्यात भर म्हणजे स्टेजवर वीरनारींचा सत्कार आहे. शाल, नारळ, चीफ गेस्ट. तुझं नाव त्यात नाही. मी विचारलं, हेमांगी कुठे आहे? तो म्हणाला, मॅडम, उन्होंने तो दूसरी शादी कर ली ना. जणू तू एखाद्या क्लबची मेंबरशिप सोडलीस! ऐन पंचविशीत नवरा गेलेल्या मुलीनं चार वर्षांच्या लेकीला घेऊन पुन्हा घर मांडलं, तर तिनं काय राजीनामा दिला? त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तुझ्या सृष्टीनं पत्र वाचलं तर म्हणेल, आजीची भाषा बघा.

शालीचं तुला काही नाही हे मला माहीत आहे. मलाही नाही. माझा जीव अडकलाय तो गिनतीत.

आठवतंय ना? फौजेत रोज संध्याकाळी नावं पुकारतात आणि ज्याचं त्यानं 'हाजिर' म्हणायचं असतं. लढाईनंतरच्या पहिल्या मेळाव्यात शामरावांनी, कंपनी कमांडर म्हणून, आपल्या कंपनीची गिनती घेतली, तेव्हा जे परत आले नव्हते त्यांचीही नावं घेतली. मग एका म्हातारीनं मुलाच्या नावाला स्वतःच 'हाजिर' म्हटलं, आणि गेलेल्याच्या नावाला त्याच्या घरानं उत्तर द्यायचं असा रिवाजच पडून गेला. हुद्दा घ्यायचा नाही, फक्त नाव. कॅप्टनही तसाच आणि शिपाईही तसाच. उन्मेषचं नाव आलं तेव्हा सृष्टी तुझ्या कडेवर होती, जिला त्यानं पाहिलंही नव्हतं. तुझा आवाज फुटेना. सगळा मांडव थांबून राहिला आणि मग तू म्हणालीस. रात्री शामराव मला म्हणाले, अगदी उन्मेषच. त्याच्या तोंडात कायम बडीशेप असायची. नाव पुकारलं की ती गिळायची आणि मग सावकाश हाजिर. किती झापलं तरी सुधारला नाही.

तू विलासशी लग्न केलंस त्या वर्षीच्या मेळाव्यात, जेवणाच्या रांगेत, तुला ऐकू जाईल अशा बेतानं एक बाई म्हणाल्या, आता ही कोणत्या घरातून हाजिर म्हणणार? तू भरलेलं ताट तसंच टेबलावर ठेवलंस आणि निघून गेलीस. मी त्या बाईंना काय बोलले ते ऐकायला तू थांबली नाहीस. ऐकण्यासारखं होतं. त्यानंतर तू कधीच आली नाहीस. आता तर फरीदाबादहून मेट्रोत बसायचं आणि मंडी हाउसला गाडी बदलायची, एवढंच अंतर आहे. पण तू राहतेस जणू सातासमुद्रापार. दिवाळीला फोन, धम्मचक्र दिनाला मेसेज, आणि मी मेळाव्याचा म काढला की तुझ्या दारावर नेमका दूधवाला येतो. संध्याकाळी सातला कसलं गं दूध?

म्हणून जे तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस ते लिहून सांगते. तुला वाटतं की आम्ही तुझी जागा दुसऱ्या कोणाला दिली. मागणारे आले होते. उन्मेषचा भाऊ अकोल्याहून आला. म्हणाला, मी सख्खा भाऊ, मी म्हणतो हाजिर. कमिटीलाही ते बरं वाटलं. शामराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, उन्मेषचं घर म्हणजे हेमांगी. ती बोलेल तेव्हा बोलेल, तोवर या नावाला कोणी उत्तर द्यायचं नाही. तेव्हापासून दरवर्षी ते उन्मेषचं नाव पुकारतात, मान किंचित तिरकी करतात, बडीशेप गिळायला लागेल तेवढं थांबतात आणि मगच पुढच्या नावाला जातात. त्या वेळात मैदानात कोणी खोकतसुद्धा नाही. हेमांगी, तुला कोणी काढून टाकलेलं नाही. इतकी वर्षं ती शांतता तुझ्यासाठी राखून ठेवली आहे.

आता शामरावांचं. त्यांना विसरण्याचा आजार आहे हे तुझ्या कानावर आलं असेलच. चष्मा फ्रिजमध्ये ठेवण्यापासून सुरुवात झाली. आता सोसायटीच्या गेटवरच्या गार्डला रोज विचारतात, कौनसी कंपनी? तो गुणी माणूस रोज सॅल्यूट ठोकतो आणि म्हणतो, आपकी ही कंपनी, साब. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्याशी वाद घालू नका. हे मला सांगितलं! ज्या एका गोष्टीवर आमचा संसार इतकी वर्षं चालला, तीच बंद.

एवढं सगळं जाऊनही गिनती मात्र शाबूत होती. सगळी नावं, क्रमानं. पण कमिटीला धास्ती वाटली, कर्नलसाब स्टेजवर अडकले तर? चीफ गेस्टसमोर कसं दिसेल? म्हणून त्यांनी गिनती रेकॉर्ड करून घेतली. भाड्याचा आवाज आणला, रेडिओवर बनियनची जाहिरात करतात तसला. नावंही तोच पुकारतो आणि गेलेल्यांच्या वतीनं हाजिरही तोच म्हणतो, मागे बिगुल वाजतो. सुधन्वा मोठ्या हौसेनं आमच्या टीव्हीवर ते लावून दाखवायला आला. शामराव खुर्चीत बसून ऐकत होते. उन्मेषचं नाव आलं आणि लगेच, क्षणाचाही उशीर न करता, तो आवाज गरजला, हाजिर! शामराव ताडकन उठले. कोण बोललं? उन्मेषच्या नावावर कोण बोललं? पकडा त्याला! फौजेत दुसऱ्याच्या नावाला हाजिर म्हणणं हा गुन्हा आहे, इतकं पलटणीच्या सेक्रेटरीला कळू नये? सर, सर, ये तो ट्रिब्यूट है, असं पुटपुटत तो बूट हातात घेऊनच लिफ्टकडे पळाला.

आणि जाताना मला हे देऊन गेला. आता रोज संध्याकाळी शामराव बाल्कनीत ताठ उभे राहतात आणि गिनती घेतात. उन्मेषपर्यंत येतात आणि थांबतात. पूर्वी पुढे जायचे, आता जात नाहीत. म्हणतात, कोणीतरी खोटं उत्तर दिलं, म्हणजे पोरगा जागेवर नाही. त्याला वर मीच पाठवलं होतं, तो आलेला नाही, शोधायला माणसं पाठवा. मग बूट घालतात. मी दाराला कुलूप लावते. ज्या माणसानं आयुष्यात मला कुठे जातेस म्हणून विचारलं नाही, त्याच्यासाठी मी दाराला कुलूप लावते, हेमांगी. जेवत नाहीत. माझी पोरं बाहेर असताना मी कसा जेवू म्हणतात. उन्मेष गेला, हे मी त्यांना एकदाच सांगून पाहिलं. वायरलेसवर आत्ता बातमी यावी तसा चेहरा झाला. ते वाक्य मी पुन्हा उच्चारणार नाही.

परवा मीच स्वयंपाकघरातून म्हणून पाहिलं, हाजिर. ते आत आले, मला नीट न्याहाळलं आणि अतिशय अदबीनं म्हणाले, बाईसाहेब, तुम्ही त्याच्या घरच्या नाही. तुम्ही कोणाच्या घरच्या? माझ्या हातात कणीक होती. लढाईच्या वेळी ते मेजर होते, म्हणून मी म्हटलं, मेजर शामरावांच्या घरची. ते म्हणाले, अच्छा, भला आदमी है. आणि पुन्हा बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तर माझं नाव गेलं. बाकीचीही जातील असं डॉक्टर म्हणतात, आणि पुढच्या जुलैपर्यंत काय उरेल ते सांगत नाहीत. उन्मेषचं अजून आहे. म्हणून हे पत्र. रविवारी करोल बागेत त्यांचा पनीर टिक्का होऊ दे. आम्ही जुनी माणसं, जी अजून चालू-फिरू शकतात ती, इथेच मैदानावर जमणार आहोत. नागपूरहून सावजी मसाला आलाय, मटण मी करणार आहे. सृष्टीला घेऊन ये. विलासलाही आण. उन्मेषची लेक त्यानं वाढवली, तेव्हा बड्याखान्यात पळी धरायचा मान त्याचाच. कोणी काही बोललंच, तर माझी जीभ अजून शाबूत आहे. तुला खोटं बोलायला सांगत नाही. तो आहे असं म्हणायचं नाही, त्याचं घर आहे एवढंच म्हणायचं. एक शब्द. आवाज फुटला नाही, उशीर झाला, तर होऊ दे. ते मान तिरकी करून थांबतील. थोडा उशीर झाला तरच त्यांना पटेल की उन्मेष आला.

तुझीच,
क्रांतीताई
मेजर शामरावांच्या घरची