खिडकीतली मैत्रीण

१४ फेब्रुवारी

चिमणे,

दादाचे खूप आशीर्वाद. मी ठीक. आईच्या गुडघ्याला नवं मलम लागू पडतंय का, ते कळव. वहिनीने तुझ्यासाठी पिस्ता रंगाची लोकर घेऊन ठेवली आहे.

पत्र लिहितोय, कारण रविवारी मी हातांनी बोलायला लागलो आणि तू डोळे मिटून घेतलेस. लहानपणापासून भांडणातला हाच तुझा हुकमी एक्का. आम्हा ऐकणाऱ्यांना कान मिटता येत नाहीत, तुझं बरं आहे.

आपला सिनेमा दुसऱ्याच आठवड्यात थिएटरांतून उतरला. नायिका बहिरी, पण तिच्या हातांच्या खुणा पार चुकलेल्या. तू तिच्या मैत्रिणीचं काम करत होतीस; चित्रीकरणात चारदा सांगितलंस, तर दिग्दर्शक म्हणाले, "अगं, कुणाला कळतंय!" मग संकलनाला बसल्यावर मी काय केलं? चौकटीतून हात कापले आणि चेहरा मोठा केला. डोळ्यांतलं पाणी दिसलं की भागतं, असा आमच्या धंद्यातला समज. तू पहिल्या दिवशी तुझ्या कर्णबधिर शाळेतल्या बावीस जणांना घेऊन गेलीस. ज्यांच्यावर सिनेमा, त्यांनाच त्यातलं एक वाक्य वाचता येईना. मध्यंतरात ते उठून गेले. तू मात्र शेवटपर्यंत बसलीस. स्वतःला शोधत होतीस, असं आई म्हणाली.

तुझे प्रसंग मीच काढले होते. आदल्या दिवशी तू विचारलंस, "मी आहे ना?" मी म्हणालो, "आहेस." एका गर्दीत पाठमोरी होतीस, म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

इथवर तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी आम्ही साठेक अनोळखी लोकांना सिनेमा दाखवला होता. तेव्हा तुझे प्रसंग त्यात होते. त्यांनी भरून दिलेले कागद मी वाचले. चाळीसहून जास्त जणांना सगळ्यात आवडली ती खिडकीतून हातवारे करत नायिकेशी भांडणारी मैत्रीण. निर्माते म्हणाले, "नायिका झाकली जातेय. काढ तिला." मी कात्री लावली.

परवा पुढच्या सिनेमाची बैठक झाली. तुला मुख्य भूमिका देणार होते, तोच. निर्माते म्हणाले, "बहिऱ्यांचे सिनेमे लोकांना नकोच असतात. चांगला धडा मिळाला." मग माझ्याकडे वळून, "तू तर ते कागद वाचलेस. खरं ना?"

कागद माझ्या पिशवीत होते. मी मान डोलावली.

आता नायिका बोलणारी केली आहे. तुझ्या जागी दुसरी मुलगी आली. संकलन माझ्याकडेच आहे.

माफी मागायला तोंड नाही. त्यातला एक कागद सोबत ठेवतोय. शेवटच्या ओळीत कुणा बाईंनी विचारलंय, "ती मैत्रीण पुन्हा कुठे बघायला मिळेल?"

कुठेच नाही, चिमणे. परवा मीच तसं ठरवून आलो.

आता डोळे मिटलेस तरी चालेल.

दादा