आतला i मी हलवणारच

१० जून, सकाळी ८.४०. जबल अली, दुबई. ऑफिस.
नवीन कंपायलर बसवला, प्रोग्राम तपासून मशीनला समजेल असा करणारा. आल्या आल्या माझ्या प्रोग्रामवर पिवळी वॉर्निंग. लूप चालू असताना आतून i बदलताय, धोका आहे म्हणे. कोणाला शिकवतोय? बावीस वर्षं लूप लिहितोय मी.

मामला साधा. वार्षिक रजा आणि घरच्या तिकिटांची यादी माझा प्रोग्राम काढतो, एकेक एम्प्लॉयी नंबर तपासत. ही फेरी म्हणजे लूप, आणि i म्हणजे आत्ता कितव्या माणसावर आहोत तो आकडा. यंदा एचआरने राजीनामा दिलेल्यांची नावंही आत ठेवलीत. असा माणूस आला की त्याला गाळून मी i एकने पुढे सरकवतो. खलास.

११ जून
नबिला, आमची टीम लीड. वय सत्तावीस, मूळची रत्नागिरीकडची. म्हणाली, काका, लूप स्वतःच एक पुढे जातो, त्यात तुम्ही अजून एक ढकलता, म्हणून राजीनामावाल्याच्या लगेच नंतरचा माणूस सुटतो. ती एक ओळ काढा. मी म्हटलं, प्रश्न ओळीचा नाही, तत्त्वाचा आहे.

दुपारी टेस्ट केली. राजीनामावाला यादीत सगळ्यात शेवटी ठेवला. एकही माणूस सुटला नाही! नबिला उठून चहा आणायला गेली. हरली.

१२ जून
वॉर्निंग बंद करायची सेटिंग सापडली. बंद. स्क्रीन कशी स्वच्छ. घरी उर्वीला सांगितलं. कन्या म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट फिक्सिंग इट." इंग्रजीत उलट बोलणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

१६ जून
एचआरच्या श्रीनाथला तक्रारींची भीती. मीच नियम लिहून दिला: यादी लागली की बदल नाही, कुणासाठीही नाही. वर मॅनेजरची सही घेतली. आता काढा शंका.

संध्याकाळी आईला चिपळूणला फोन. २० जुलैला तिची पंचाहत्तरी. दोन वर्षं जाणं नाही. हॉल बुक करा म्हटलं, आम्ही तिघं येतोय.

१९ जून
रफिकने राजीनामा दिला. शारजात स्वतःचं गॅरेज काढतोय. आम्ही एकाच दिवशी जॉइन झालो, तो एम्प्लॉयी नंबर ४१७, मी ४१८. वाईट वाटलं. बिर्याणी मात्र झकास होती.

२३ जून
यादी लागली. ४१६. मग ४१९.
चष्मा पुसून परत वाचली.
इतकी महत्त्वाची गोष्ट पिवळ्या रंगात सांगतात? लाल नको?

२४ जून
माझ्यासकट सातजण सुटलेत. श्रीनाथने माझाच नियम मला वाचून दाखवला. नबिलाने दोन मिनिटांत ओळ काढली आणि मॅनेजरसाहेबांकडे गेली. साहेबांनी बाकी सहाजणांना रजा आणि तिकीट दिलं. मला म्हणाले, "भानुदास, नियम तुम्ही लिहिलात, तुम्ही तरी पाळा."

घरी बायकोला, कमलिनीला सांगितलं, एचआरचा गोंधळ. तिने भरलेल्या बॅगा रिकाम्या केल्या. कंपायलर चुकीचा होता असं माझं आजही मत आहे. निदान त्याची भाषा.

मग आईला फोन केला. पुढच्या वर्षी नक्की, म्हटलं.
ती म्हणाली, "पुढच्या वर्षी शहात्तर होतील रे मला."
मी हो म्हटलं.