तीन बदाम

आई, आज कपाट आवरताना पत्त्यांचा जुना जोड सापडला आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी तुझ्यापुढे पानं उघडायची म्हटली की अजून धाकधूक होते. रमी तूच शिकवलीस, स्वयंपाकघरात, मेथी निवडता निवडता. हातात काही नसताना मी चिकटून बसले की तू म्हणायचीस, "पानं नाहीत तर पहिल्याच फेरीत पॅक कर. नुसत्या आशेवर खेळतेस काय?" एकदा मी हट्टाने बसून राहिले आणि सपाटून हरले, तर संध्याकाळपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस.

नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी लागून मी न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला राहायला गेले, तेव्हा तुझा नियम माझ्यासोबत आला. रविवार मला खायला उठायचा. फार्मसीत निदान लोक औषधं मागायला तरी यायचे. शेजारी एक निवृत्त नर्स होती. तिच्याकडे रविवारी दुपारी पाच-सहा जण पोकर खेळायचे, पैशांऐवजी काडेपेटीतल्या काड्या लावून. तिने मला बोलावलं. प्रत्येकाला आधी तीन पानं, दोन झाकलेली, एक उघडं. मग फेरीगणिक एकेक, एकूण सात. घराचा नियम एकच: जो सगळ्यांत आधी पानं टाकेल त्याने उठून चहा करायचा.

अर्थात मीच. तीन पानं बघायची, टाकायची, उठायचं. "पुन्हा फोल्ड? स्वीट ॲज, जग लाव!" 'स्वीट ॲज' म्हणजे त्यांच्या बोलीत 'झकास', आणि विजेच्या किटलीला ते जग म्हणत. मी ओट्यापाशी पाणी उकळायची वाट बघते आहे आणि बाहेर सगळे एकमेकांची थट्टा करताहेत. माझ्या काड्या कमी होत नव्हत्या, पण कप विसळताना मला रडू यायचं.

एकदा नर्सनेच समजावलं, "अगं, इथे घाबरून कोणी उठत नाही. सगळे शेवटच्या पानापर्यंत बसतात. राजाची जोडी घेऊन बसलीस तरी पाचांतल्या एकाचं काहीतरी जुळतंच. त्यापेक्षा तिन्ही पानं एकाच रंगाची, समजा तीन बदाम, आली तर राहा, त्याच रंगाची पाच झाली की बहुतेक तूच जिंकशील. फक्त समोर बदाम किती उघडे पडलेत ते बघ. बरेच गेले असले तर सोड." तुला ती आवडली असती. पडलेली पानं लक्षात ठेवायची, हे तुझंच तर शिकवणं.

पुढच्या रविवारी मला तिन्ही बदाम आले. मी टेबलाभोवती नजर फिरवली. समोरच्या पाच पानांत चार बदाम. तुझा नियम म्हणत होता टाक, तिचाही म्हणत होता टाक. मी एक काडी पुढे सरकवली. त्या डावात सगळ्यांत आधी नर्सने पानं टाकली, "डॅम" म्हणत उठली आणि आत गेली. मी बसून राहिले. एकाने माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी टोमणा मारला, मी उलट मारला, सगळे हसले. माझं काहीच जुळलं नाही, सगळ्या काड्या गेल्या. तेवढ्यात तिने माझ्यापुढे कप ठेवला, दूध जास्त, चहा फिका. त्या देशात दुसऱ्या कोणी मला करून दिलेला तो पहिला चहा. मी तो गार होईपर्यंत हातात धरून बसले होते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तुला माझ्या एकटेपणाची काळजी, पण विचारलंस ते पत्त्यांबद्दलच. "पडलेली पानं बघून खेळतेस ना?" मी म्हटलं, "हो." "आणि जिंकलीस?" त्यालाही मी हो म्हटलं. तू खूश झालीस. महिन्याभरात तू गेलीस, आणि ते तसंच राहिलं.

हा कागद मी घडी करून पत्त्यांच्या डबीतच ठेवणार आहे. आई, त्या दिवशी मी हरले. आणि पडलेली पानं मी बघितली होती. चारही बदाम मला दिसत होते.